लंडनच्या कष्टकऱ्यांना घर देणारा वस्त्रव्यापारी : जॉर्ज पीबॉडी

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मूलभूत गरजा होत, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. यांपैकी वस्त्राच्या व्यापारात ज्याने आपले भाग्य घडविले आणि त्या भाग्यातील फार मोठा वाटा अनोळखी माणसांच्या निवाऱ्यासाठी देऊन टाकला, अशा एका थोर व्यापाऱ्याच्या जीवनाचा परिचय वाचकांना करून द्यावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे. त्या व्यापाऱ्याचे नाव जॉर्ज पीबॉडी. जन्माने अमेरिकन, कर्माने लंडनवासी. त्यांच्या निधनाला दीडशेहून अधिक वर्षे लोटली. तथापि मोठ्या शहरात सामान्य माणसाने राहावे कोठे आणि भाड्यापायी कमाईतला किती वाटा द्यावा, हा जो प्रश्न त्यांनी हाती घेतला होता, तो अद्यापि सुटलेला नाही. म्हणूनच त्यांचे चरित्र आजही बोधप्रद वाटते.

बालपण आणि दारिद्र्य

जॉर्ज पीबॉडी यांचा जन्म 18 फेब्रुवारी 1795 रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात डॅन्व्हर्स या गावी झाला. घरची परिस्थिती बेताची, कुटुंब मोठे. शाळेचे शिक्षण जेमतेम चार वर्षे झाले आणि वयाच्या अकराव्या वर्षी त्यांना गावातील एका दुकानात उमेदवारीसाठी ठेवण्यात आले. दुकान झाडणे, माल मांडणे, गिऱ्हाइकाला वाण दाखविणे आणि संध्याकाळी हिशेब लिहिणे, हीच त्यांची पाठशाळा. पुढील आयुष्यात कोट्यवधींचे व्यवहार करणाऱ्या या माणसाच्या शिक्षणाची पुंजी एवढीच होती. ही उणीव त्यांना जन्मभर जाणवत राहिली आणि म्हणूनच पुढे त्यांनी ग्रंथालये आणि शिक्षणसंस्था यांना मुक्तहस्ते साहाय्य केले.

1811 हे वर्ष त्यांच्यासाठी मोठे कठीण गेले. त्या वर्षी वडिलांचे निधन झाले. त्याच सुमारास न्यूबरीपोर्ट येथे मोठी आग लागून गावाचा व्यापार होरपळला. थोरल्या भावाच्या कापडदुकानात जॉर्ज तेथेच काम करीत होते. वडिलांच्या पश्चात कर्जाचा डोंगर उरला होता आणि त्या कर्जापायी आई व लहान भावंडांना राहत्या घराला मुकावे लागले. सोळा वर्षांच्या मुलाच्या मनावर या घटनेचा काय परिणाम झाला असेल, याची कल्पना करता येते. धंद्यात आलेली खोट भरून निघते. पण डोक्यावरचे छप्पर गेले की सारे कुटुंबच विस्कटते, हे त्यांनी कोवळ्या वयात पाहिले.

कापडाच्या धंद्यात भरभराट

1812 मध्ये ते काकांबरोबर राजधानी वॉशिंग्टनजवळच्या जॉर्जटाउन येथे गेले व तेथे कापड आणि तयार जिनसांचे दुकान चालवू लागले. त्याच वर्षी इंग्लंड व अमेरिका यांच्यात युद्ध सुरू झाले. त्या काळात त्यांची एलिशा रिग्ज या अनुभवी व्यापाऱ्याशी ओळख झाली. मुलाची हुशारी आणि सचोटी पाहून रिग्ज यांनी त्यांना भागीदार करून घेतले. विशीही न गाठलेल्या तरुणाला भांडवलदाराने भागीदारी द्यावी, ही त्याच्या सचोटीचीच पावती होय. पुढे पेढी बाल्टिमोर येथे हलविण्यात आली आणि कापडाचा घाऊक व्यापार जोमाने वाढला.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. हाती पैसा खेळू लागताच त्यांनी पहिले काम केले ते वडिलांचे कर्ज फेडण्याचे. 1816 पर्यंत, म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी कुटुंबाचे देणे चुकते केले आणि आई व भावंडांना डॅन्व्हर्सच्या घरी पुन्हा नेऊन बसविले. धाकट्या भावंडांच्या आणि नातलगांच्या शिक्षणाचा भारही त्यांनी उचलला. लंडनच्या हजारो कुटुंबांना घर देण्याआधी या माणसाने आपल्या आईचे घर सोडविले होते.

1827 मध्ये मालाच्या खरेदीसाठी ते प्रथम इंग्लंडला गेले. लँकेशायरच्या गिरण्यांचे कापड त्या वेळी जगभर जात होते. त्यानंतर त्यांच्या अनेक फेऱ्या झाल्या आणि 1837 पासून ते लंडनला कायमचे स्थायिक झाले. कापडाचा व्यापार करता करता हुंड्या वटविणे, दुसऱ्या व्यापाऱ्यांना उधारीची सोय करून देणे, हे ओघानेच आले. हळूहळू कापड मागे पडले आणि पेढी सराफीची झाली. अमेरिकेतील राज्यांचे कर्जरोखे लंडनच्या बाजारात विकणे हा त्यांचा मुख्य व्यवसाय बनला.

1840 नंतरच्या मंदीत अमेरिकेतील कित्येक राज्यांनी व्याज देणे थांबविले. मेरिलँड हे त्यांतीलच एक. त्या राज्याचे रोखे पीबॉडी यांनीच गुंतवणूकदारांना विकलेले होते. लंडनमध्ये अमेरिकन माणसाची पत धुळीस मिळाली असता त्यांनी राज्यकर्त्यांना पत्रांमागून पत्रे लिहून देणे चुकते करण्याचा आग्रह धरला आणि अखेर मेरिलँडने व्याज पुन्हा सुरू केले. रोखेविक्रीबद्दलची स्वतःची दलालीही त्यांनी राज्याकडून घेतली नाही. 1854 मध्ये त्यांनी ज्युनियस मॉर्गन यांना भागीदार केले. 1864 मध्ये पीबॉडी निवृत्त झाले तेव्हा पेढीला मॉर्गन यांचे नाव मिळाले आणि पुढे जगप्रसिद्ध झालेल्या मॉर्गन घराण्याच्या बँकिंग व्यवसायाचा पाया तेथेच घातला गेला.

पीबॉडी यांनी विवाह केला नाही; एकदा ठरलेला विवाह मोडला, त्यानंतर तो विषय संपला. त्यांची राहणी अत्यंत साधी होती. स्वस्त भाड्याच्या गाडीसाठी हा कोट्यधीश लंडनच्या पावसात थांबून राही आणि महागडी गाडी सोडून देई, अशी आख्यायिका सांगितली जाते. काही समकालीन त्यांना कंजूष म्हणत. परंतु ही काटकसर कशासाठी होती, हे जगाला पुढे कळले.

लंडनची दुरवस्था

आता त्या काळच्या लंडनची अवस्था पाहू. 1801 मध्ये सुमारे 10 लाख लोकवस्ती असलेले हे शहर 1861 मध्ये 28 लाखांच्या घरात पोहोचले होते. गोदीतील हमाल, बाजारातील पाटीवाले, शिलाईकाम करणाऱ्या बाया, गाडीवान या सर्वांना कामाच्या ठिकाणाजवळच राहावे लागे. गोदीत काम रोजचे रोज मिळे. पहाटे फाटकावर हजर असेल त्यालाच रोजगार. गाडीभाडे देऊन दुरून येणे परवडणारे नव्हते. त्यामुळे शहराच्या मध्यभागी जागेची मागणी वाढत गेली आणि जागा मात्र कमी होत गेली. नवे रस्ते, गोदामे, कचेऱ्या आणि विशेषतः रेल्वेमार्ग यांसाठी गरिबांच्या वस्त्या पाडल्या जात. घर गेलेले लोक शेजारच्या गल्लीत शिरत आणि आधीच भरलेल्या खोल्या अधिकच भरत. एका खोलीत एक संपूर्ण कुटुंब, प्रसंगी दोन कुटुंबे राहत. पाणी दूषित, मलनिस्सारणाची व्यवस्था नाही. 1849 आणि 1854 च्या पटकीच्या साथींनी याच वस्त्यांत मोठा संहार केला.

विशेष म्हणजे अशा खोल्यांचे भाडे स्वस्त नव्हते. मूळ मालक, त्याच्याकडून मक्त्याने घेणारा, त्याच्याकडून पोटभाड्याने घेणारा, अशी साखळी असे आणि प्रत्येकाचा नफा शेवटच्या भाडेकरूच्या माथी बसे. 1884-85 मध्ये कामगारांच्या घरांबाबत जो राजनियुक्त आयोग बसला, त्याच्यापुढील साक्षींत असे आढळले, की पाहणी झालेल्या गरीब वस्त्यांतील जवळजवळ निम्मी कुटुंबे कमाईचा पाव ते अर्धा हिस्सा केवळ भाड्यात घालीत होती. उरलेल्या पैशात अन्न, सरपण, कपडा आणि आजारपण भागवायचे. व्यापाराच्या भाषेत सांगायचे, तर ज्या खात्यावर आपला काहीच ताबा नाही, त्याच खात्यात मिळकत आटून जात होती.

थोर दान

लंडनमध्ये पंचवीस वर्षे राहून धन मिळविल्यावर या शहराचे आपण काही देणे लागतो, अशी पीबॉडी यांची भावना झाली. प्रथम पिण्याच्या पाण्याच्या पाणपोया बांधाव्यात असा त्यांचा विचार होता. नंतर गरीब मुलांच्या शाळांना मदत करावी असे मनात आले. समाजसुधारक लॉर्ड शाफ्ट्सबरी यांचा सल्ला घेण्यात आला, तेव्हा गरिबांची सर्वांत मोठी निकड घराची आहे, असे मत त्यांनी दिले. शाळेत शिकलेले मूल संध्याकाळी त्याच कोंदट खोलीत परत जाणार असेल, तर शिक्षणाचा टिकाव कसा लागावा, हा विचार पीबॉडी यांना पटला.

मार्च 1862 मध्ये त्यांनी 1 लाख 50 हजार पौंडांचे दान जाहीर केले. तो काळही लक्षात घेण्याजोगा आहे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. दक्षिणेचा कापूस बंद झाल्याने लँकेशायरच्या गिरण्या ओस पडत होत्या आणि त्याच कारणाने आपल्या मुंबईत कापसाला सोन्याचा भाव येऊ लागला होता. इंग्लंड व अमेरिका यांच्यातील संबंध इतके ताणले गेले होते, की आधीच्या हिवाळ्यात युद्धाचा प्रसंग टळला तो थोडक्यात. अशा वेळी एका अमेरिकन माणसाने लंडनच्या गरिबांना एवढे मोठे दान द्यावे, याने सारे इंग्लंड थक्क झाले. 1866 व 1868 मध्ये त्यांनी प्रत्येकी 1 लाख पौंड आणखी दिले आणि मृत्युपत्राने आणखी दीड लाख. एकूण दान 5 लाख पौंडांचे झाले. त्या काळी पौंड साधारण दहा रुपयांचा होता. म्हणजे ही रक्कम तेव्हाचे सुमारे 50 लाख रुपये होते.

दानाबरोबर घातलेल्या अटींत त्यांची दूरदृष्टी दिसते. लाभार्थी लंडनचा रहिवासी, गरीब आणि सद्वर्तनी असावा. त्याचा धर्म कोणता, पंथ कोणता, राजकीय मत कोणते, याची चौकशी होऊ नये. निधीच्या कारभारातही धर्म व पक्ष यांना स्थान नसावे. पैसा कसा वापरावा याचे स्वातंत्र्य त्यांनी विश्वस्तांना दिले, परंतु घरांचा मार्ग सुचविला. विश्वस्तांनी तो स्वीकारला.

घरे कशी होती

पहिली इमारत लंडनच्या पूर्व भागात स्पिटलफील्ड्स येथे कमर्शियल स्ट्रीटवर उभी राहिली आणि 29 फेब्रुवारी 1864 रोजी खुली झाली. वास्तुरचनाकार होते हेन्री डार्बिशायर. स्पिटलफील्ड्स हा पूर्वी रेशीम विणकरांचा भाग. माग बंद पडून तेथे दारिद्र्य आले होते. या इमारतीत 57 बिऱ्हाडे, खाली नऊ दुकाने, वरच्या मजल्यावर धुणे धुण्याची व स्नानाची सोय होती. शौचालये दोन बिऱ्हाडांत एक. आज हे वाचून नवल वाटणार नाही. पण जेथे साऱ्या गल्लीला एक शौचालय असे, तेथे ही क्रांतीच होती. पुढे इस्लिंग्टन, शॅडवेल, वेस्टमिन्स्टर, चेल्सी येथे वसाहती झाल्या. मधोमध मोकळे अंगण व भोवती इमारती, अशी रचना केल्याने हवा-उजेड मिळे आणि मुलांना खेळायला जागा होई.

या योजनेचे खरे मर्म तिच्या हिशेबात होते. घरे फुकट दिली जात नसत. भाडे घेतले जाई. पण ते बाजारभावाने नव्हे. त्या काळी खासगी बांधणारे मोठ्या नफ्याची अपेक्षा करीत आणि परोपकारी म्हणविणाऱ्या कंपन्यादेखील भागधारकांना सुमारे पाच टक्के देत. पीबॉडी निधीने सुमारे तीन टक्क्यांवर समाधान मानले आणि ते उत्पन्नही कोणाच्या घरी न जाता नव्या इमारतींत घातले जाई. म्हणजे भाडेकरूच्या भाड्यातूनच पुढच्या भाडेकरूचे घर उभे राहत होते. मुद्दल शाबूत राहून काम वाढत जाई. 1880 च्या दशकातील अहवालांप्रमाणे तेथील कुटुंबप्रमुखाची साप्ताहिक कमाई सरासरी सुमारे 23 ते 24 शिलिंग आणि बिऱ्हाडाचे भाडे पाच शिलिंगांच्या आत होते. म्हणजे कमाईचा साधारण पाचवा हिस्सा. 1882 पर्यंत 3,500 बिऱ्हाडांत 14,600 हून अधिक माणसे राहू लागली होती.

उणिवांचा विचार

थोरांचे चरित्र लिहिताना केवळ गुणगान करू नये. पीबॉडींच्या घरांवर टीकाही झाली आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. इमारती उंच, उदास आणि लष्करी बराकींसारख्या दिसत. नियम कडक होते. भाडे आठवड्याचे आगाऊ द्यावे लागे. मुलांना देवी टोचलेल्या असल्या पाहिजेत, पोटभाडेकरू ठेवता कामा नये, जिने पाळीपाळीने झाडावेत व धुवावेत, रात्री ठरल्या वेळी फाटक बंद होई. घरात बसून बाहेरचे धुणे घेण्यास बंदी होती. आता ज्या विधवेचे पोट लोकांची धुणी धुण्यावरच चालते, तिने अशा घरात जावे कसे? ज्याची रोजची मजुरी अनिश्चित, त्याने आगाऊ भाडे आणावे कोठून? परिणामी नियमित मजुरी असलेले कारागीर, हमाल, पोलीस शिपाई यांना घरे मिळाली आणि अगदी तळाचा माणूस बाहेर राहिला. 1879 मध्ये महानगर मंडळाने पाडलेल्या वस्त्यांच्या जागा विश्वस्तांना कमी किमतीत मिळाल्या. तेथे चांगल्या इमारती झाल्या. पण पाडापाडीत बेघर झालेल्यांपैकी फारच थोडे त्यांत परत आले.

पीबॉडी यांच्या व्यापारावरही आक्षेप होता. अमेरिकेच्या दक्षिणेशी त्यांचे जुने व्यापारी संबंध होते आणि गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या अनेकांना त्यांची भूमिका पुरेशी ठाम वाटली नाही. युद्धानंतर त्यांनी दक्षिणेतील शिक्षणासाठी 1867 मध्ये मोठा निधी स्थापन केला. तोही प्रचलित वर्णभेदाला छेद देऊ शकला नाही.

तरीही विश्वस्तांसमोरचा पेच समजून घेतला पाहिजे. भाडे आणखी उतरविले असते, तर तळाचा माणूस आत आला असता. पण नव्या इमारतींसाठी पैसा उरला नसता आणि काम एका पिढीत संपले असते. भाडे वाढविले असते, तर इमारती भराभर वाढल्या असत्या. पण गरिबांऐवजी सुस्थितीतील लोक राहिले असते. आज दिलासा द्यावा की उद्याची सोय पाहावी, हा प्रश्न प्रत्येक विश्वस्ताला कधी ना कधी पडतोच. तळाच्या माणसाचे काम एकट्या दानाने होणारे नाही, सरकारलाही खांदा द्यावा लागेल, हे याच अनुभवातून लोकांना उमगले. 1883 च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांना कामगारांसाठी स्वस्त गाड्या चालविणे भाग पडले आणि 1890 नंतर लंडनच्या नगरशासनाने स्वतः घरे बांधण्यास प्रारंभ केला.

मानसन्मान आणि अखेर

10 जुलै 1862 रोजी लंडन शहराने पीबॉडी यांना सन्माननीय नागरिकत्व बहाल केले. हा मान मिळविणारे ते पहिले अमेरिकन. व्हिक्टोरिया राणीने सरदारकी देऊ केली, ती त्यांनी नम्रपणे नाकारली. तेव्हा राणीने स्वतःचे चित्र त्यांना भेट दिले. जन्मगावाच्या ज्या भागात त्यांचे बालपण गेले, त्याला 1868 मध्ये पीबॉडी असे नाव देण्यात आले. 1869 च्या जुलैमध्ये लंडनच्या रॉयल एक्स्चेंजजवळ त्यांचा पुतळा उभारण्यात आला. त्यांच्या हयातीतील व मृत्युपत्राने दिलेल्या सर्व दानांची बेरीज सुमारे 80 लाख डॉलर सांगितली जाते.

4 नोव्हेंबर 1869 रोजी लंडनमध्ये एका स्नेह्याच्या घरी त्यांचे निधन झाले. इतरांसाठी घरे बांधणाऱ्या या माणसाने शेवटचा श्वास दुसऱ्याच्या घरी घेतला. त्यांचे पार्थिव काही काळ वेस्टमिन्स्टर ॲबी येथे ठेवण्यात आले आणि नंतर मोनार्क या ब्रिटिश युद्धनौकेतून अमेरिकेस नेण्यात आले. 8 फेब्रुवारी 1870 रोजी सेलम येथे आईवडिलांच्या भूमीत त्यांचे दफन झाले.

त्यांनी लावलेले रोप आजही उभे आहे. 2022 मध्ये दुसऱ्या एका गृहसंस्थेशी एकत्रीकरण झाल्यावर पीबॉडी न्यासाच्या घरांची संख्या एक लाखाच्या वर गेली. आजही लंडनमध्ये साध्या घराची किंमत सर्वसाधारण वार्षिक कमाईच्या दहापटींहून अधिक आहे आणि परवडणाऱ्या घरासाठी वर्षानुवर्षे वाट पाहणारी कुटुंबे तेथे आहेत. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचा प्रश्न नव्या रूपात तसाच आहे. तरीही जी कुटुंबे या घरांत राहिली, ज्यांची मुले तेथील अंगणात खेळून धडधाकट वाढली, त्यांच्यापुरता तो सुटला होता. दानाची रक्कम लोक विसरतात. पण पाच शिलिंगांच्या आत मिळालेले ते बिऱ्हाड, आठवड्याअखेर भाडे भागवून हाती उरलेले पैसे आणि त्यातून आलेली भाकरी, हे त्या कुटुंबांच्या आयुष्याचा भाग झाले. एका व्यापाऱ्याच्या खातेवहीतील याहून मोठी शिल्लक ती कोणती?